अंगठा बाहेर

काटोलजवळच्या आमच्या संत्र्याच्या बागेत विहिरीवर एक ऑइल इंजिन होतं. एका सिलिंडरचं, दोन्ही बाजूंना जड चाकं असलेलं. हँडल मारून सुरू करायचं. मी नववीत असताना बाबांनी पहिल्यांदा ते हँडल माझ्या हातात दिलं. मी ते सायकलच्या मुठीसारखं घट्ट पकडलं, आणि बाबांनी माझ्या मनगटावर चापट मारली.

"अंगठा कायले गुंडाळतं? बोटायच्या संगं ठेव. त्यानं उलटा हिसका देल्ला तर हात आपोआप सुटला पायजे."

चार बोटं आणि अंगठा, सगळे हँडलच्या एकाच बाजूला. डिकॉम्प्रेशनचा, म्हणजे सिलिंडरमधला दाब सोडणारा, खटका वर करून हँडल फिरवत राहायचं, चाकांनी वेग घेतला की खटका पाडायचा. इंजिन धडधडलं की हँडल खाचेतून निसटून हातात यायचं. कधी कधी ते निसटत नसे आणि शाफ्टबरोबर गरगर फिरू लागे. तेव्हा काय करायचं हेही बाबांनी आधीच सांगून ठेवलं होतं: पळायचं. हँडल पकडायला जायचं नाही, ओरडायचं नाही, पळायचं. मग लांबून दांड्याने डिझेल बंद करायचं.

हे सगळं मला दर रविवारी सकाळी उमरेड रोडच्या पुढे एका पडीक शेतात आठवतं. दिवाळीनंतर तिथली काळी जमीन सपाट आणि कडक होते. शेतमालकाची परवानगी घेऊन आम्ही पाच-सहा जण तिथे रेडिओवर चालणारी मॉडेल विमानं उडवतो. विमानतळ सोनेगावला, म्हणून आम्ही मुद्दाम एवढे लांब जातो. नागपूरच्या माणसाला विमानाचं वेड नवं नाही. १९४९ पासून रात्रीच्या टपालाची विमानं दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासहून निघून मध्यरात्री नागपुरात भेटायची, थैल्यांची अदलाबदल करून परत फिरायची. आमच्या आधीच्या पिढीतली माणसं त्या आवाजावर घड्याळ लावल्याच्या गोष्टी सांगतात.

माझं विमान पेट्रोलवर चालतं. पंखांची रुंदी सव्वादोन मीटरच्या आसपास, वजन आठ किलोच्या घरात, इंजिन ५० सीसीचं, पुढे २२ इंची, दोन पात्यांचा लाकडी प्रॉप, म्हणजे फिरता पंखा. पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक ऑइल, लिटरला २५ मिली. शेतकऱ्याच्या घरातल्या कोणालाही हे इंजिन ओळखीचं वाटेल. गवत कापायचं यंत्र, झाडं कापायची चेन सॉ, पाठीवरचा फवारणी पंप, सगळे त्याच कुळातले. तसाच डायफ्रॅमचा कार्ब्युरेटर, तसाच चोक, तशाच दोन सुया, एक कमी वेगाची आणि एक जास्त वेगाची. फरक एकच. फवारणी पंपाला दोरी असते. दोरी ओढणारा हात फिरत्या भागापासून लांब असतो. आमच्या इंजिनाला दोरी नाही. जो भाग फिरवायचा तोच कापणारा भाग, आणि त्याच्यावर सरळ बोटं ठेवायची.

एकदा मी वहीत हिशोब मांडला. २२ इंच म्हणजे जवळपास ५६ सेंटिमीटर, म्हणजे टोकाचा एक फेरा पावणेदोन मीटरचा. थ्रॉटल, म्हणजे वेग कमी-जास्त करणारी झडप, पूर्ण उघडल्यावर इंजिन मिनिटाला ६,६०० फेरे घेत असेल तर सेकंदाला ११०. पात्याचं टोक ताशी सुमारे ६९५ किलोमीटरच्या वेगाने जातं. हा आकडा ऐकून लोक "बाप रे" म्हणतात, पण मला दुसरा आकडा जास्त बोलका वाटतो. मंद चालीवर, म्हणजे मिनिटाला १,६०० फेऱ्यांवर, एका जागेवरून सेकंदाला ५३ वेळा पातं जातं. काहीतरी झालं हे कळून हात मागे घ्यायला माणसाला पाव सेकंद तरी लागतो. तेवढ्यात तेरा पाती येऊन गेलेली असतात. म्हणजे इंजिन लागल्यावर हात काढू, असं म्हणायला जागाच नाही. हात आत जाण्याआधी तो बाहेर कसा येणार हे ठरलेलं असलं पाहिजे.

माझ्या मित्राचं गांधीबागेत कापडाचं दुकान आहे. आमच्यात सगळ्यात शांत आणि सगळ्यात नीटनेटका तो. त्याची गोष्ट त्याच्या परवानगीने लिहितोय, कारण त्यालाही वाटतं की ती लोकांना कळावी.

सहा वर्षांपूर्वीची, अधिवेशनाच्या दिवसांतली सकाळ. त्याने सुंदर उड्डाण केलं, अलगद उतरवलं, आणि धावपट्टीच्या टोकाला विमान वळताना इंजिन आपोआप बंद पडलं. मंद चाल जरा कमी लागली होती, बाकी काही नाही. तो चालत गेला. विमान उचलून गाडीत ठेवायचं तर प्रॉप आडवा हवा, उभा असला की डिकीच्या कडेला लागतो. म्हणून त्याने एका हाताने शेपटाकडचा भाग उचलला आणि दुसऱ्या हाताने प्रॉप आडवा करायला गेला. सुरू करायला नव्हे, फक्त आडवा करायला.

इंजिन गरम होतं. सिलिंडरमध्ये पेट्रोलची वाफ होती. इंजिन स्विचने बंद केलं असतं तर स्विच बंद झाला असता. इथे ते आपोआप बंद पडलं होतं, आणि स्विच तसाच चालू होता.

आम्ही साठ-सत्तर पावलांवर होतो. एक छोटासा आवाज आला, फटाक्याच्या लडीतला एखादाच फुटावा तसा. इंजिन दोन-तीन फेरे घेऊन पुन्हा थांबलं. तो उभाच होता. आम्हाला वाटलं काही झालं नाही. मग त्याने उजवा हात डाव्या हाताने छातीशी धरला आणि हळूच खाली बसला. पहिल्या फेऱ्याने बोटं पुढे गेली आणि मागून येणाऱ्या दुसऱ्या पात्याने तर्जनी आणि मधल्या बोटाच्या पाठीवर वार केला होता. मधल्या बोटाची शीर तुटली होती, ती जी बोट सरळ करते ती. कोणीतरी गळ्यातला दुपट्टा काढून आवळून बांधला, हात वर धरायला लावला, आणि मी गाडी काढली. उमरेड रोडवरून शहरात येईपर्यंत तो एकच वाक्य दोन-तीनदा बोलला: "मी तर सुरू करतच नव्हतो रे."

शस्त्रक्रिया झाली, दोन महिने खपाची पट्टी होती. आजही ते बोट पूर्ण सरळ होत नाही. कापड फाडताना तो आता चिमूट वेगळी धरतो. गिऱ्हाइकाच्या लक्षात येत नाही, माझ्या येतं.

त्या वाक्याचा मी फार विचार केलाय. माझी सगळी नोकरी विजेच्या उपकेंद्रात झाली. तिथे पहिल्या दिवशी शिकवतात: लाइन बंद आहे असं कोणी सांगितलं म्हणून ती बंद नसते. परमिट हातात आलं, चाचणी झाली, डिस्चार्ज रॉड लावला, अर्थिंग केलं, की मग ती बंद. तोवर ती जिवंत, तारेवर चिमणी बसलेली असली तरी. तीस वर्षं ही सवय अंगात होती, आणि तरी मैदानावर बंद पडलेलं इंजिन मला मेलेलं वाटत होतं. त्या सकाळी त्याच्या जागी मी असतो तर मीही प्रॉप तसाच आडवा केला असता. हे मला ठाऊक आहे.

आमच्या इंजिनांत ठिणगी कशी पडते ते समजून घेतलं की भीती योग्य जागी बसते. प्रॉप ज्या हबवर बसतो त्यात एक छोटं चुंबक असतं. ते सेन्सरसमोरून गेलं की सेन्सर इग्निशनच्या डब्याला कळवतो आणि डबा प्लगला हजारो व्होल्टचा झटका देतो. बॅटरी फक्त पाच-सहा व्होल्टची असते, तिच्याकडे बघून धोका कळत नाही. किती हळू फिरवलं तर ठिणगी पडणार नाही, हे डब्याडब्यावर अवलंबून असतं, आणि मी त्या भरवशावर बोटं ठेवत नाही. जुन्या इंजिनांत मॅग्नेटो असतो, तो फिरला की स्वतःच ठिणगीची वीज तयार करतो, तिथे तर बॅटरीही लागत नाही. मॅग्नेटो जमिनीशी जोडून गप्प केला नसेल तर तो नेहमीच जागा. म्हणून आता आमच्याकडे दोन स्विच आहेत, एक विमानाच्या कुशीवर हाताने लावायचा आणि एक रिमोटवरून इग्निशन तोडणारा. विमान उतरलं, इंजिन कसंही बंद पडलेलं असो, आधी रिमोटचा, मग मागून जाऊन कुशीवरचा. त्यानंतरच प्रॉपकडे हात. आणि तेव्हाही अशा रीतीने, जणू ते लागणारच आहे.

सुरू करायची रीत मला आमच्यातल्या एका ज्येष्ठ दादांनी शिकवली. एनसीसीच्या एअर विंगमध्ये त्यांनी पोरांकडून मॉडेलं करून घेतली होती. त्यांचा हात बघत राहावा असा. ते विमानासमोर कधी पूर्ण वाकत नसत. एक पाय मागे, वजन त्या मागच्या पायावर. समोरून पाहिलं की प्रॉप घड्याळाच्या उलट फिरतो, म्हणजे डावीकडचं पातं खाली येतं. घड्याळात दहा वाजतात त्या जागी पातं असताना कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, लागावं असा प्रॉप हबवर बसवायचा. पुष्कळ लोक ते करतच नाहीत आणि मग प्रत्येक झटक्याला अंग वेडंवाकडं करतात.

बोटं फक्त दोन. पेरं पात्यामागे वळवायची नाहीत, बोटांचं मांस वरून टेकवायचं. प्रॉप पुढे ढकलायचा तर बोटं पात्याच्या मागच्या धारेवर येतात, आणि तीच धार सगळ्यात पातळ असते. कार्बनच्या नव्या प्रॉपची तर ब्लेडसारखी असते, ती आधी बारीक पॉलिश पेपरने बोथट करून घ्यायची. इंजिनाने उलटा हिसका दिला तर हीच धार बोटांवर परत येते. म्हणून चामड्याचा हातमोजा. लोकरीचा किंवा ढगळ कापडी मोजा नको, तो पात्यात अडकतो आणि हाताला आत ओढतो. दादा म्हणायचे, पातं ढकलायचं नाही, पुसायचं. फळीवरची धूळ एका झटक्यात खाली पुसावी तसा हात खाली येतो आणि त्याच ओघात कमरेकडे, मागे निघून जातो. थांबतच नाही. मी कितीतरी संध्याकाळी स्विच बंद, प्लगची टोपी काढलेली, बॅटरी बाहेर, अशा विमानासमोर उभा राहून फक्त हात मागे नेण्याचा सराव केलाय.

त्याच दिवसांत एकदा जाणवलं की हे तर बाबांचंच. अंगठा बाहेर, हिसका आला तर हात आपोआप सुटावा. मोटारी हँडलने सुरू व्हायच्या त्या काळात मनगटाजवळचं एक हाड इतक्या लोकांचं मोडायचं की डॉक्टरांनी त्या मोडण्याला शोफर्स फ्रॅक्चर असंच नाव दिलं. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंगचा विजेवरचा स्टार्टर आला आणि मोटारवाल्यांची त्यातून हळूहळू सुटका झाली. आमच्या शिवारात ते शहाणपण इंजिनाबरोबरच आलं असणार आणि हातातून हातात गेलं असणार. बाबांनी त्या हाडाचं नाव कधी ऐकलं नव्हतं.

माझ्याकडूनही एकदा मोठी चूक झाली, ती सांगायला हवी. रिमोटमध्ये प्रत्येक विमानाची वेगळी मेमरी असते. त्या दिवशी मी आदल्या आठवड्यातल्या विमानाची मेमरी तशीच ठेवली होती, आणि त्या विमानाचा थ्रॉटल उलटा जोडलेला होता. रिमोटवरची थ्रॉटलची काठी खाली होती, मला वाटलं मंद चाल. तिसऱ्या झटक्याला इंजिन लागलं आणि थेट पूर्ण वेगावर गेलं. आठ किलोचं विमान माझ्या अंगावर यायला निघालं. ते आलं नाही, कारण शेपटाला दोरी होती आणि दोरी जमिनीत हातभर ठोकलेल्या लोखंडी खुंट्याला. दोरी ताणली, विमानाने नाक डावी-उजवीकडे हलवलं, आणि मागे उभ्या असलेल्या भाच्याने कुशीवरचा स्विच पाडला. मी तोवर बाजूला झालो होतो, पण किती झालो होतो ते सांगता येणार नाही. खुंट्याभोवतीच्या कडक काळ्या मातीला बोटभर रुंद नवी भेग पडली होती. ती भेग मी बराच वेळ बघत बसलो.

तेव्हापासून प्रॉपला हात लावण्याआधी रिमोटवरचं नाव मोठ्याने वाचायचं. काठी वर-खाली करून कार्ब्युरेटरची झडप डोळ्यांनी बघायची, ती खरोखर मिटते का. रिमोट बंद करून बघायचं, फेलसेफ, म्हणजे रिमोटचा संपर्क तुटल्यावर आपोआप चालणारी सोय, थ्रॉटल मिटवतं का. रिमोटचा गळ्यातला पट्टा काढून ठेवायचा, वाकलं की तो लोंबतो आणि नेमका प्रॉपपर्यंत पोचतो. आणि सगळी मंडळी मागे. प्रॉपच्या रेषेत, बाजूलासुद्धा, कोणी नाही, कारण पातं तुटलं तर ते बाजूलाच उडतं. लहान मुलं आणि फोटो काढणारे पाहुणे यांच्यावर लक्ष ठेवायला एक माणूस वेगळा.

टायगर मॉथ या जुन्या शिकाऊ विमानाच्या काळात हाताने प्रॉप फिरवणारा आणि आत बसलेला वैमानिक एकमेकांना ओरडून सांगायचे. स्विच बंद आहे का, पेट्रोल चालू आहे का, थ्रॉटल मिटलाय का. खाली उभा असलेला विचारणार, वरचा तेच शब्द परत म्हणणार, आणि शेवटी "कॉन्टॅक्ट" ही आरोळी. उपकेंद्रात फोनवर निरोप घेतानाही आम्ही तो शब्द न् शब्द परत म्हणून दाखवायचो. आम्ही मैदानावर तसंच आमच्या भाषेत सुरू केलं. मी विचारतो, "बंद?" शेपूट धरणारा स्विचकडे बघतो, अंदाजाने उत्तर देत नाही, आणि म्हणतो, "बंद." मग चोक लावून, नळीतून पेट्रोल कार्ब्युरेटरपर्यंत आलेलं दिसेस्तोवर झटके. मग "चालू?" "चालू." चोकवर इंजिन एकदा फट् करतं आणि थांबतं. पुन्हा "बंद?" चोक काढायचा, मागच्या बाजूने. मग पुन्हा "चालू?" नव्या माणसाला हे लांबण लावल्यासारखं वाटतं. दोन रविवारांनी तोही विचारायला लागतो.

भाचा फोमचं विजेवरचं विमान उडवतो आणि त्याला वाटतं तो या सगळ्यातून सुटला. मी त्याला दर वेळी सांगतो, बॅटरी जोडली की तुझा प्रॉप जिवंत. पेट्रोलचं इंजिन बिघडलं की सहसा बंद पडतं. मोटार अडली की आणखी जोर लावते. आणि ज्याला हाताने सुरू करायची धास्ती वाटते त्याने खुशाल प्रॉप ढकलायची काठी किंवा विजेवरचा स्टार्टर वापरावा. आमच्यातले दोघे वापरतात. त्यांच्या विमानाला आकाशात त्याने काहीही फरक पडत नाही.

उन्हाळ्यात आम्ही सहाला पोचतो आणि साडेआठला आवरतो. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, नळीतल्या पेट्रोलमध्ये बुडबुडे धरतात, आणि गरम इंजिन पुन्हा लागता लागत नाही. लाकडी प्रॉपही त्या कोरड्या हवेत आकसतो आणि बोल्ट ढिले पडतात. पावसाळ्यात पुन्हा फुगतो. म्हणून किल्ली नेहमी खिशात. पण खरा त्रास वेगळाच असतो. लागत नसलेल्या इंजिनासमोर माणूस चिडतो. दहा झटके, वीस, तीस. घाम डोळ्यांत उतरतो, मागचा पाय पुढे येतो, दोन बोटांची तीन होतात, हात मागे न्यायचा राहतो. माझ्या पाहण्यातले जवळजवळ सगळे ओरखडे अशाच वेळचे. पंधरा झटक्यांत लागलं नाही तर थांबायचं, स्विच बंद, प्लग काढून बघायचा, हा आमचा नियम दादांनी घातलेला. दादा आता मैदानावर येत नाहीत, गुडघे साथ देत नाहीत.

गेल्या रविवारी थंडी होती. गवतावर दव, तोंडातून वाफ. शेपूट धरायला कापडवाला मित्र होता. गुडघ्यांत शेपटाचा पंख धरून तो बसतो, ते पूर्ण सरळ न होणारं बोट स्विचच्या अगदी शेजारी. चोकवर इंजिन एकदा बोललं. मग चोक काढला आणि ते गप्प. मी झटके मोजत होतो. अकरा, बारा. पूर्वेकडून ऊन वर आलं, वारा सरळ धावपट्टीवरून, उडवायला याहून चांगली सकाळ मिळणार नाही अशी. चौदा. पंधरा.

"बंद?" मी विचारलं.

त्याने स्विचकडे बघितलं. "बंद."

प्लग काढला तर ओला होता. पुसला, वाळवला, पुन्हा लावला. पुन्हा पंधरा. काही नाही. आता माझा खांदा भरून आला होता. मी हातमोजा काढला, बॅटरीची जोडणी सोडली, प्रॉप आडवा केला आणि विमान डिकीत ठेवलं. परतताना दिघोरीजवळ तर्री पोहे खाल्ले. त्याने माझ्या प्लेटमध्ये चणे वाढायला लावले आणि विचारलं की इग्निशनची बॅटरी शेवटची कधी बदलली होती.